चूल गाडीबरोबर न्या. गाडीत मात्र पेटवू नका

बिलोली - उन्हाळ्याची सुटी लागली, की नांदेड-लातूर परिसरातील कुटुंबांना तिरुपतीचे वेध लागतात. बिलोलीकरांना बासरची सरस्वती तर शेजारचीच. परंतु तिरुपतीचा प्रवास शेकडो किलोमीटरचा. घरातली आठ-दहा माणसे एकत्र निघायची, तर भाड्याची जीप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरविली जाते. टपावर वळकट्या चढतात आणि मागच्या आसनाखाली स्टोव्ह, कुकर, परात व पिठाचा डबा विसावतो. दुपारी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली गाडी थांबते आणि तासाभरात पिठल्याचा वास सुटतो.

परदेशात यासाठी 'कॅम्परव्हॅन' नावाचे खास वाहन असते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर आणि प्रसाधनगृह असलेली अशी वाहने आता भाड्यानेही मिळतात. मात्र, 'फिरते स्वयंपाकघर' ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक पुढे जाऊन मुक्कामी चुली मांडतो. ऊसतोडीला निघालेली कुटुंबेही आपला संसार, भांडीकुंडी आणि चूल बरोबर घेऊनच जातात.

प्रश्न आहे तो ही चूल कोठे पेटवायची याचा.

मदुराईचा धडा

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तमिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी डब्याला आग लागली. डब्यात उत्तर प्रदेशातील यात्रेकरू होते. नियम मोडून आत आणलेल्या गॅस सिलिंडरवर चहा करताना भडका उडाल्याचे रेल्वेने सांगितले. या दुर्घटनेत ९ जणांचा बळी गेला. रेल्वेने प्रवास करताना असे ज्वलनशील पदार्थ नेणे हा गुन्हा असून, त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एसटी किंवा रेल्वेने जाणाऱ्यांनी त्यामुळे सिलिंडर, रॉकेल अथवा स्पिरिट बरोबर घेण्याचा विचारही करू नये.

स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीतही धोका तोच असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली, तर तो वर उडून न जाता गाडीच्या तळाशी, आसनांखाली साचतो. हवेतील त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेले, की पेट घेण्यास एक ठिणगी पुरते. ही ठिणगी काडेपेटीचीच असेल असे नाही. गाडी सुरू करतानाही ती पडू शकते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. बंद जागेत गॅस, कोळसा किंवा लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे; परंतु झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. पावसात काचा बंद करून गाडीत चहा ठेवणे किंवा थंडीत शेगडी आत घेऊन झोपणे, म्हणूनच जिवावर बेतू शकते.

शिस्त पाळली, तर भय नाही

गाडी मालकीची नसेल, तर सिलिंडर नेण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर प्रवासात आणू नये. तेल कंपन्यांचे ५ किलोचे छोटे सिलिंडर अधिकृत वितरकाकडे मिळतात. बाजारात सुटा गॅस भरून देणाऱ्यांपासून दूर राहावे. सिलिंडर उभा आणि दोरीने घट्ट बांधलेला असावा. चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून टोपण लावलेले असावे. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत तापमान ६० अंशांच्या आसपास जाते. मुक्कामी पोहोचताच सिलिंडर बाहेर काढून सावलीत ठेवावा, हे उत्तम.

शेगडी मांडावी ती गाडीपासून दहा-बारा पावले दूर, सपाट जमिनीवर, वाऱ्याला आडोसा करून. आसपास वाळलेले गवत किंवा कडबा नसावा. पेट्रोल पंपाच्या आवारात तर शेगडी काढूच नये. जवळ वाळूची बादली आणि गाडीत पावडरचे अग्निशामक असावे. कढईतील तेल पेटले, तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण ठेवावे.

विजेची शेगडी हा सुरक्षित मार्ग वाटतो. पण गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण १२० ते १८० वॉटच मिळतात. इंडक्शन शेगडीला १५०० ते २००० वॉट लागतात. ती मुक्कामाच्या ठिकाणी, भिंतीवरच्या विजेवरच वापरता येते.

निम्मा स्वयंपाक घरीच

शेगडी जितका कमी वेळ पेटेल, तितका धोका कमी आणि गॅसही कमी. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात याची तयारी पूर्वापार आहे. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे एवढ्यावर पहिला दिवस निघतो. धान्य, डाळी व मसाले भाजून दळलेले येसर डब्यात असले, की फोडणीच्या पाण्यात ते कालवून दहा मिनिटांत आमटी होते. डाळ शिजविण्याची गरजच पडत नाही.

न्याहारीला सुशीला करावी. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे. कांदा, मिरची, शेंगदाणे यांच्या फोडणीत परतायचे आणि वरून डाळ्याचे कूट पेरायचे. संध्याकाळी पिठले-भात. खिचडी करायची असेल, तर डाळ-तांदूळ धुऊन, वाळवून, हळद-मसाल्यासह पिशवीत एकत्र बांधून न्यावेत. कुकर लावण्यापूर्वी अर्धा तास भिजवले, की लवकर शिजतात.

पाण्याचा हिशेब आधी मांडावा. पाच जणांना उन्हाळ्यात पिण्यासाठीच दिवसाला सुमारे १५ लिटर लागते. स्वयंपाकाचे ५ लिटर धरले, तर २० लिटरचा एक जार एका दिवसाचा. भांडी घासण्याचे पाणी वेगळे.

उरलेले अन्न जपून

अन्नातील जंतू ५ ते ६० अंश तापमानात झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ तसेच ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक तासच धरावा. सकाळचा भात संध्याकाळी परतून खाण्याची सवय प्रवासात मोडावी. भातातील काही जंतूंनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील, तर लागेल तेवढेच शिजवावे.

खर्च वाचावा, वडीलधाऱ्यांचे पथ्य सांभाळले जावे, परप्रांतातही भाकरीचा घास मिळावा, म्हणून ही खटपट असते. झाडाखाली सर्वांनी मिळून केलेल्या त्या जेवणाची गोडी हॉटेलात नाही, हेही खरे. मात्र, निघण्यापूर्वी शेवटची नजर फिरवताना कुलूप, पाकीट आणि प्रसादाचा नारळ याबरोबरच सिलिंडरचे टोपणही पाहावे. ज्यांच्यासाठी ही चूल बरोबर नेली, ती सारी माणसे सुखरूप घरी परतली, की यात्रा सफल झाली.