अर्धवटराव आणि वर्गातला मोजा

पहिले महायुद्ध चालू असताना, 1916 च्या सुमारास, यशवंत पाध्ये यांच्या हातून अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचा जन्म झाला. मुलगा रामदास मेकॅनिकल इंजिनियर झाला, पण त्याने बाहुला सोडला नाही. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे अर्धवटराव घराघरांत पोचले. 1993 च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही पाध्यांचाच, त्याला मात्र आम्ही अकोल्यातली मुले चांगलीच घाबरायचो!

ओठ न हलवता बोलताना प, ब, म ही अक्षरे सर्वांत अवघड, कारण त्यांना ओठ मिटावेच लागतात. म्हणजे ‘अम्मी’ आणि ‘अब्बा’ हेच शब्द कठीण.

काही पालक विचारतात, बाहुली चालते का? हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हे सहीह बुखारीत आहे. उलमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या आलिमांना जरूर विचारा.

मी वर्गात जुन्या मोज्याला बटणाचे डोळे लावले. दुसरीतली एक मुलगी वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती मोज्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “तुला भूक लागली का?”