हृदयाच्या आजारी मुलांना पोटॅशियम इतकं हळू का देतात?



शाळेतल्या आरोग्य तपासणीत आमच्या पहिलीतल्या एका मुलीच्या हृदयाला छिद्र असल्याचं आढळलं. शहरात तिचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा तिचे वडील काळजीत होते. म्हणाले, "बाई, पोटॅशियम कमी आलंय म्हणतात. औषध लावलंय, पण मशीन किती हळू सोडतंय! जरा जोरात सोडलं तर पोर लवकर बरी होईल ना?" मला उत्तर देता आलं नाही. तिथल्या नर्सताईंनी ते समजावून सांगितलं. मग मी त्यावर आणखी वाचलं. तेच आज सोप्या भाषेत मांडते.

पोटॅशियम काय काम करतं?

केळी, शहाळ्याचं पाणी, बटाटा, डाळी यांतून आपल्याला पोटॅशियम मिळतं. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात अगदी थोडं, म्हणजे एका लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलीमोल. प्रत्येक पेशीला एक छोटा पंप असतो. तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. जेन्स स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये त्याचा शोध मांडला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आत-बाहेरच्या या फरकावरच हृदयाचा ठोका चालतो.

या मुलांत ते कमी का होतं?

हृदय कमजोर असलं की अंगात, फुप्फुसांत पाणी साठतं. ते काढायला फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध देतात. लघवीबरोबर पोटॅशियमही निघून जातं. ते फार कमी झालं तर ठोके अनियमित होतात. मूल डिगॉक्सिनवर असेल तर त्या औषधाचा त्रासही वाढतो. म्हणून ही कमतरता भरून काढावीच लागते. तोंडाने घेता येत नसेल किंवा कमतरता जास्त असेल तर शिरेतून देतात.

मग हळू का?

आता थोडं गणित करू. १५ किलोच्या मुलाच्या रक्तातल्या द्रवात सगळं मिळून जेमतेम ३ मिलीमोल पोटॅशियम असतं. आपल्याकडे मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या एका ॲम्प्यूलमध्ये असतात २० मिलीमोल! म्हणजे जवळपास सातपट. शिरेतून दिलेलं पोटॅशियम आधी रक्तात येतं, मग हळूहळू पेशींत जातं. एकदम सोडलं तर पेशींत जायच्या आधीच रक्तातलं प्रमाण वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर हृदय मुद्दाम थांबवतात, त्या द्रावणातही पोटॅशियमच जास्त असतं. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त पडलेलं काढता येत नाही. तसंच हे.

म्हणून ते नेहमी पातळ करून, पंपावर मोजून देतात. वेग साधारणपणे तासाला दर किलोमागे पाव ते अर्धा मिलीमोल. १५ किलोच्या मुलाला अर्ध्याच्या हिशोबाने तासाला ७.५ मिलीमोल. म्हणजे एका ॲम्प्यूलएवढं पोटॅशियम जायला अडीच तासांहून जास्त वेळ! फारच गरज असेल तर अतिदक्षता विभागात वेग वाढवतात, पण ईसीजीवर सतत नजर ठेवून. लघवी नीट होतेय का पाहतात, रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. जास्त तीव्र द्रावण लहान शिरेत जळजळ करतं, म्हणून ते मोठ्या शिरेतून देतात. हे औषध दिसायला पाण्यासारखंच असतं. चूक होऊ नये म्हणून त्याचे तीव्र ॲम्प्यूल वॉर्डात इतर औषधांबरोबर ठेवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

आपल्याकडे सलाइन लवकर संपावं म्हणून नातेवाईक नळीचं चाक फिरवतात. कृपया असं कधीही करू नका. पंपाची बटणंही दाबू नका. शंका आली, हात दुखतोय असं मूल म्हणालं किंवा मशीन वाजलं तर लगेच नर्सताईंना बोलवा. घरी आल्यावरही शहाळं, केळी किती द्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. काही औषधांनी पोटॅशियम उलट वाढतं.

आमची ती मुलगी आता दुसरीत आहे. परवा मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना दिसली, तेव्हा त्या हळू चालणाऱ्या मशीनची आठवण झाली.