नियतकालिके मिळाली, संगणक-कौशल्याचे काय?

‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून सुमारे ६,३०० सरकारी संस्थांना जवळपास १३,००० संशोधन-नियतकालिके उपलब्ध झाली. गांधीनगरचे ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र तिचे समन्वयन करते. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील उतईसारख्या ठिकाणच्या प्राध्यापकालाही महानगरातील संशोधकाएवढेच वाचायला मिळावे, हा हेतू. जमविलेल्या माहितीचे संगणकावर पृथक्करण कसे करावे, हे मात्र वर्गणीत येत नाही.

अमेरिकेतील काही विद्यापीठ-ग्रंथालये त्यासाठी एकत्र येऊन ‘द कारपेंट्रीज’ संस्थेचे सदस्यत्व घेतात, खर्च वाटून घेतात आणि आपल्याच ग्रंथपालांना प्रशिक्षक करतात. विस्कळीत तक्ते स्वच्छ करणे, आज्ञावली लिहिणे, तिच्या आवृत्त्या जपणे हे साधारण दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष करवून घेतले जाते. पाठ्यसाहित्य सर्वांना विनामूल्य खुले आहे. अडते ते शिकविणाऱ्यावाचून. एकट्या महाविद्यालयाला असा प्रशिक्षक परवडणे कठीण, शेजारच्या चार ग्रंथालयांना मिळून तितके नाही.