तोंड उगवतीकडे, उजवा हात दक्षिणेला

प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. पहाटे उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात ज्या बाजूला येतो, ती दक्षिण दिशा. तिच्यावरूनच आपल्या पठाराला दख्खन हे नाव पडले. ‘पूर्व’ म्हणजे पुढची आणि आधीचीही. पूर्वज हा शब्द त्याच कुळातला. पश्चिम ही पाठीमागची, नंतरची, जसा पश्चात्ताप कृतीनंतर होतो. उत्तर म्हणजे अधिक उंच. ती डाव्या हाताला येते. अरबीतही हीच रीत दिसते: येमेन हे नाव उजव्या बाजूशी, तर सीरियाचे जुने नाव ‘शाम’ डाव्या बाजूशी जोडलेले आहे.

पण सूर्य रोज नेमका पूर्वेला उगवत नाही. तसे फक्त मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या सुमारास घडते. २१ जूनच्या आसपास मुंबईत तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात जवळजवळ तितकाच दक्षिणेला.

मग खरी पूर्व सापडते कशी? कात्यायनाच्या शुल्बसूत्रात याचे सुरेख उत्तर आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ काठी, उभी रोवायची आणि तिच्या उंचीइतक्या दोरीने भोवती वर्तुळ आखायचे. सकाळी आखडत जाणारी सावली वर्तुळाला टेकते, तिथे एक खूण करायची. दुपारनंतर लांबत जाणारी सावली पुन्हा टेकते, तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. माध्यान्हीच्या आधी आणि नंतर सूर्य सारख्याच उंचीवर येतो, त्या समतोलावर ही युक्ती उभी आहे.

रात्री ध्रुवतारा उत्तर दाखवतो, शिवाय तो क्षितिजापासून जितका वर दिसतो तितके त्या गावाचे अक्षांश असतात. मुंबईतून तो सुमारे १९ अंशांवर दिसतो, दिल्लीतून २८ अंशांहून वर.

होकायंत्राची सुई मात्र ध्रुवताऱ्याकडे नव्हे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळते, आणि ते क्षेत्र सतत बदलत असते. हे बदल मोजण्याचे काम मुंबईत कुलाबा वेधशाळेत चाले. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये ते काम खाडीपलीकडे अलिबागला नेण्यात आले. तिथली चुंबकीय वेधशाळा आजही या नोंदी घेते.