म्हाताऱ्या मोटारीला चौथा गिअर

जुनी मोटार पाळणाऱ्या घरात एक वाद हमखास रंगतो. घरातल्या एकाला ती देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जपायची असते. पुसायची, चमकवायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. बाकीच्यांना तिच्यात बसून लांब फिरायला जायचे असते. अमेरिकेतल्या अनेक हौशी मंडळींनी हा वाद एका मधल्या वाटेने मिटवला आहे. बाहेरून मोटार जशीच्या तशी ठेवायची, आणि पोटातला गिअरबॉक्स तेवढा काढून त्या जागी नंतरच्या काळातला ओव्हरड्राइव्हचा स्वयंचलित गिअरबॉक्स बसवायचा.

ऐकायला हे दाराचे कुलूप बदलण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात एक वस्तू बदलली की तिच्याशी बांधलेल्या दहा वस्तू कुरकुरू लागतात. तरीही हे काम करावे का? मोटार खरोखर चालवायची असेल, तर करावे. पण कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आधी ठरवून.

१९५५ सालची शेव्हरोले बेल एअर घ्या. दोन रंगांची, भरपूर क्रोमने मढवलेली ही मोटार जुन्या गाड्यांच्या शौकिनांची फार लाडकी. त्याच वर्षी शेव्हरोलेने तिच्यासाठी ४.३ लिटरचे नवे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन आणले. गिअर बदलायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी ‘पॉवरग्लाइड’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळत असे. तो १९५० मध्ये आला, आणि बेताच्या किमतीच्या मोटारीतही क्लचशिवाय गाडी चालवण्याचे सुख मिळाले. मात्र पुढे जाण्याचे गिअर दोनच, एक खालचा आणि एक वरचा.

गावात फिरायला दोन गिअर पुरतात. अडचण येते ती हमरस्त्यावर. अमेरिकेतले सलग, रुंद महामार्ग बांधण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केली जून १९५६ मध्ये. म्हणजे ही मोटार विक्रीला आली तेव्हा ते महामार्ग कागदावरच होते. तासन् तास ११० किलोमीटरच्या वेगाने धावणे तिच्या नशिबी येईल, असे कुणी धरले नव्हते.

आता थोडा हिशेब. या मोटारीच्या मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण ३.५५, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टचे साडेतीन फेरे. टायर साधारण २७ इंच व्यासाचा धरला, तर ताशी ११० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. इंजिन त्याने फुटत नाही, पण आवाज वाढतो, पेट्रोल जळते आणि मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. ओव्हरड्राइव्हचे प्रमाण ०.७० असेल, तर त्याच वेगाला फेरे २,१०० च्या आसपास येतात. इंजिनापेक्षा प्रोपेलर शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, एवढाच ‘ओव्हरड्राइव्ह’ या शब्दाचा अर्थ.

गंमत अशी, की १९५५ मध्ये शेव्हरोले ओव्हरड्राइव्ह देतही होती, पण तो हाताने गिअर टाकायच्या मोटारीला. स्वयंचलित घेणाऱ्याला ती सोय नव्हती. पुढे १९७३ चे तेलसंकट आले, १९७५ मध्ये अमेरिकन संसदेने मोटारींच्या इंधनखर्चावर कायद्याने बंधन घातले आणि कारखानदारांना जाग आली. फोर्डचा ओव्हरड्राइव्ह असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स १९८० च्या मॉडेलांबरोबर आला. जनरल मोटर्सचा ‘७००आर४’ आला १९८२ मध्ये. पुढे त्याचेच नाव ‘४एल६०’ झाले. बेल एअरवाल्यांची नजर बहुतेक यावरच असते. याचे चार गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असे. पॉवरग्लाइडचा खालचा गिअर होता १.८२. म्हणजे महामार्गावर इंजिन शांत होते आणि सिग्नलवरून गाडी उचलण्याचा जोरही, निव्वळ गिअरच्या हिशेबाने, दीडपटीहून अधिक वाढतो.

जुन्या बाजारातून घ्यायचा तर १९८७ नंतरचा घ्यावा. सुरुवातीच्या गिअरबॉक्समधले कच्चे दुवे तोवर दुरुस्त झाले होते. १९९३ च्या सुमारास आलेला ‘४एल६०-ई’ मात्र संगणकाच्या हुकमाशिवाय चालत नाही. साध्या कार्बोरेटरच्या मोटारीत त्याच्यासाठी वेगळा संगणक बसवावा लागतो.

बसवताना काय अडते?

नशिबाने १९५५ च्या मोटारीत दोन गोष्टी सोयीच्या आहेत. त्याच वर्षी तिची वीजव्यवस्था ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेली आणि प्रोपेलर शाफ्ट उघडा झाला. १९५४ च्या शेव्हरोलेत तो एका जाड नळीत बंद होता. तिथे गिअरबॉक्स बदलायचा तर मागचा आखा आसच बदलावा लागतो.

अडचणी आहेत त्या वेगळ्याच. या मोटारीत गिअरबॉक्सच्या शेपटीखाली आडवी पट्टी नाही. इंजिन पुढे टेकलेले असते आणि मागे गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाला दोन्ही बाजूंनी आधार दिलेला असतो. नव्या गिअरबॉक्सला ते बाजूचे आधार नाहीत. म्हणून शेपटीखाली नवी आडवी पट्टी आणि इंजिनाला नवे आधार द्यावे लागतात. पट्टी चासीला वेल्डिंगने चिकटवण्यापेक्षा बोल्टने आवळणारी निवडावी, म्हणजे उद्या मन बदलले तर चासी शाबूत राहते. शिवाय मूळ इंजिनावर स्टार्टर बसवायला जागा नाही, तो जुन्या घंटेवरच बसत असे. त्यासाठी जोडपट्टी घ्यावी लागते. या कटकटीमुळे बरेच जण इंजिनही नंतरचे बसवतात. तसे केले की मोटारीचे हृदयही गेले. मग राहिला फक्त पत्रा.

गिअरबॉक्सची लांबी बदलली, की प्रोपेलर शाफ्टही नव्या मापाचा हवा. हे माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचे, जॅकवर टांगलेली असताना नाही. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळले नाहीत, तर ठराविक वेगाला सगळी मोटार थरथरते. महिनोन्महिने टायर आणि चाके तपासूनही ती थरथर जात नाही.

एक तार, सगळा खेळ

७००आर४ जळाला की लोक गिअरबॉक्सला नावे ठेवतात. बहुतेक वेळा दोष असतो एका तारेचा. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक पोलादी तार जाते. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की ती ओढली जाते आणि आतल्या तेलाचा दाब वाढतो. या गिअरबॉक्समध्ये गिअर धरून ठेवायचे काम क्लचच्या चकत्या करतात आणि त्या चकत्यांना आवळून धरतो तेलाचा दाब. पाय खोल, इंजिनाचा जोर जास्त, म्हणून दाबही जास्त हवा. तार सैल राहिली तर इंजिन जोर लावते आणि चकत्या घसरत राहतात. बाहेरून काहीच कळत नाही. उलट गिअर फार मऊ पडतात, मालक खूश होतो आणि आत चकत्या करपत असतात.

म्हणून तार जोडल्याशिवाय गाडी गॅरेजच्या दारापर्यंतसुद्धा न्यायची नाही. तारेची लांबी आणि ती ओढली जाण्याचा कोन, दोन्ही बरोबर लागतात. नव्या गाड्यांच्या कार्बोरेटरवर ते आखून दिलेले होते, जुन्यावर नसते. त्यासाठी खास पट्टी मिळते. ती बसवून दाबमापकाने दाब तपासणारा मेकॅनिक मिळाला, तरच काम हाती घ्यावे. ‘अंदाजाने लावून देतो’ म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार करावा.

दुसरी काळजी उष्णतेची. एक टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर वाऱ्याने तोही फिरतो, पण थोडा मागे राहून. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला टॉर्क कन्व्हर्टर असाच चालतो. वाऱ्याच्या जागी तेल, एवढाच फरक. जे मागे राहते त्याची उष्णता होते. ७००आर४ मध्ये महामार्गावर हे दोन पंखे एकमेकांत अडकवून टाकणारी कळ आहे, ती विजेवर चालते. जुन्या मोटारीत त्यासाठी स्विच आणि तारा नव्याने ओढाव्या लागतात. तो खर्च वाचवण्यासाठी काही जण कळ तशीच सोडून देतात आणि मग तेल काळे का पडते म्हणून विचारतात. ही कळ जोडावी आणि तेल थंड ठेवणारा वेगळा कूलरही लावावा.

हात चुकतो तो इथे

स्टिअरिंगजवळच्या दांडीची खूण बदलायला विसरू नये. १९५५ च्या पॉवरग्लाइडमध्ये क्रम होता पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्स. नव्यात रिव्हर्स येतो पार्कच्या शेजारी. वर्षानुवर्षे दांडी शेवटपर्यंत खेचून गाडी मागे घेणाऱ्या माणसाने सवयीने तेच केले, तर गाडी पुढे उसळेल, आणि पुढे घरातलेच कुणी उभे असू शकेल. नवी पट्टी लावावी आणि गिअर पडलेला असताना इंजिन सुरू होऊ न देणारा स्विच आधी तपासावा.

ब्रेकचेही तसेच. या मोटारीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून तेलाचा एकच मार्ग आहे. एक नळी फुटली की चारही गेले. इंजिन शांत झाले की वेग कळत नाही आणि पाय आपोआप खाली जातो. तेव्हा पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते ब्रेकवर घालावेत. ओव्हरड्राइव्ह पुढच्या वर्षी.

आपल्याकडे

शेव्हरोले आपल्याला परकी नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. जुन्या गाड्यांच्या रॅलीत शेव्हरोले आजही दिसतात. पण इथे काम काढण्यापूर्वी कायदा पाहावा लागतो. नोंदणीच्या कागदावरचा तपशील आणि कारखान्याची मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या नियमांत मोटार मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार नको, असे म्हटले आहे. त्यात गिअरबॉक्सचे नाव घेतलेले नाही, तरी आधी आरटीओत विचारणे बरे. शिवाय अशी नोंदणी झालेली मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. जिला रोज धावायचेच नाही, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

ज्यांना करायचाच आहे, त्यांनी काढलेला पॉवरग्लाइड भंगारात घालू नये. तेल काढून, तोंडे बंद करून, बोल्ट वेगळ्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवावेत. कधी मोटार विकायची झाली, तर घेणारा पहिल्यांदा त्याच्याबद्दलच विचारतो. फक्त तो ओतीव लोखंडाचा आहे, एकट्याने उचलत नाही. तेव्हा घरात कुठे ठेवायचा, हे गॅरेजमध्ये जाण्याआधीच बाईसाहेबांशी बोलून घ्यावे.