बर्फातलं अस्वल आपल्या ओट्यावर : लहान पोरांना घरी शिकवायचं कसं?

डहाणू : दिवाळी झाली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. मोठ्या पोराच्या शाळेची निदान चर्चा तरी होते, तीन-चार वर्षांच्या लेकराची अंगणवाडी मात्र गुपचूप सुटते, ती थेट पावसाळ्यापर्यंत. बोलणं, मोजणं, प्रश्न विचारणं हे सगळं याच वयात अंगात मुरतं. आईबापाने रोज अर्धा तास दिला आणि आठवडाभर एकच विषय धरला, तरी पुष्कळ काम होतं.

विषय कुठलाही चालेल. आपण उत्तर ध्रुवाकडचे प्राणी घेऊ, कारण पांढरं अस्वल पोरांनी मोबाईलवर बघितलेलं असतंच. पण नुसता व्हिडिओ लावून दिला तर पोर गप्प बसतं, शिकत नाही. दोन मिनिटं दाखवा, मोबाईल बाजूला ठेवा आणि हाताला काम द्या.

ही रीत आपल्याच तालुक्यातली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत लहान मुलांसाठी काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी खेळणी न आणता बिया, पानं, शंख-शिंपले, माती यांवर त्यांनी शिकवलं. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली.

आता बर्फाचं बघा. मासळीवाल्याकडून बर्फाचा एक तुकडा आणा. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवा. आधी कुठला विरघळेल, हे पोराला अगोदर विचारा, मग वाट बघू द्या. नंतर एका प्लास्टिकच्या पिशवीत थोडा डालडा घाला, त्यात दुसरी पिशवी बसवा. आतल्या पिशवीत पोराचा एक हात, दुसरा हात नुसत्या पिशवीत, आणि दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात. जरा वेळच हं. डालड्यातल्या हाताला गारवा कमी लागतो. सील आणि वॉलरसच्या कातडीखाली असाच चरबीचा जाड थर असतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

भट्टीवर मातीला तोटा नाही, तिची अस्वलं करा, मोजा, लहान-मोठी लावा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं पांढरं अस्वल तर फारच शोभतं. नावं आपल्या बोलीत सांगितली तरी काही बिघडत नाही.

पेंग्विनचा घोळ मात्र टाळा. पांढरं अस्वल उत्तरेचं, पेंग्विन दक्षिणेकडचा, दोघांची गाठ पडतच नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आणलेले पेंग्विन तर बर्फातले नाहीतच, त्यांची जात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची.

आता खरी गंमत. उत्तर ध्रुवाकडचा एक पाहुणा बघायला आगर, नरपड, बोर्डीचा किनारा पुरतो. पावसाळा संपत आला की सैबेरियाच्या पार उत्तर टोकाकडून बारके तुतवार पक्षी आपल्या किनारपट्टीवर येतात, थंडी इथे काढतात आणि उन्हाळ्यात अंडी घालायला परत जातात. त्यातल्या वाकड्या चोचीच्या तुतवाराचं वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. भरती चढत असताना जा, पाणी त्यांना किनाऱ्याजवळ ढकलतं. लांबूनच बघा, दगड मारू देऊ नका. हेही घर सोडून पोटासाठी लांब आलेले असतात, हे भट्टीवर जाणाऱ्या पोराला पटकन कळतं.

एक लक्षात ठेवा. घरचं शिकवणं अंगणवाडीच्या जागी नाही, अंगणवाडीत खाऊ, वजन, लसीकरणही असतं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला तर शाळेचा कायद्याने हक्क आहे. गाव सोडण्याआधी सेविकाताईंना कुठे चाललो ते सांगा आणि तिथे पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत जाऊन पोराचं नाव लावायला सांगा. आधार आणि लसीकरणाचं कार्ड सोबत असू द्या.