आत्म्याचं फळ (भाग 4) : आणखी एका वर्षाची मुदत

प्रीती, आनंद आणि शांती यांच्यानंतर पौलाच्या यादीत चौथी येते सहनशीलता. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली ही नऊ गुणांची यादी आपल्यापैकी पुष्कळांना शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. तरीही सहनशीलतेचं नाव निघालं की आपण चटकन म्हणतो, "तो मुळातच शांत स्वभावाचा आहे, त्याला जमतं. माझा स्वभावच तापट." म्हणजे ज्याला जन्मतः मिळाली त्याची ती, बाकीचे सुटले. पौलाने तिला आत्म्याचं फळ म्हटलं आहे. फळ धरायला वेळ लागतो, आणि पवित्र आत्मा काही फक्त थंड डोक्याच्या माणसांच्या मनात वस्ती करत नाही. उलट माझं असं ठाम मत झालं आहे की सहनशीलतेचा खरा अभ्यास तापट माणसाकडूनच करावा.

पण आधी ती येते कुठून, ते पाहू.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एका चाकराचा दाखला सांगितला आहे. त्याच्यावर राजाचं 10,000 तलांत कर्ज होतं. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तलांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. हिशेब मांडला तर कर्ज निघतं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. कितीही जन्म राबला तरी ते फिटणार नव्हतं. चाकर पाया पडला, थोडं धीराने घ्या म्हणाला, आणि राजाने मुदत देण्याऐवजी कर्जच सोडून दिलं. तो बाहेर पडतो तर सोबतीचा एक चाकर भेटतो, ज्याच्याकडून याला 100 दीनार येणं आहे. तोही पाया पडतो, जवळजवळ त्याच शब्दांत विनवतो. हा मात्र त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

या दाखल्यावर बोलताना आपण 100 दीनार ही क्षुल्लक रक्कम ठरवून टाकतो. ती क्षुल्लक नव्हती. हातावर पोट असलेल्या माणसाची ती तीन-चार महिन्यांची कमाई होती. प्रभूने हा आकडा असा निवडला यात मला मोठा दिलासा वाटतो. आपल्याला जे सोसावं लागतं ते खरंच असतं, हे त्याला मान्य आहे. स्मृती हरवत चाललेली आई सकाळपासून दहाव्यांदा "आज वार कोणता?" असं विचारते, तेव्हा होणारा त्रास खरा असतो. शब्द देऊन न पाळणारा भाऊ, कितीदा समजावलं तरी मोबाइल खाली न ठेवणारा मुलगा, आपल्या कामाचं श्रेय स्वतः घेणारा वरिष्ठ, हे सगळे आपले खरोखरचे देणेकरी आहेत. प्रश्न एवढाच की 100 दीनारांचा हिशेब करताना आपलं सुटलेलं कर्ज आपल्याला आठवतं की नाही. ख्रिस्ती माणसाची सहनशीलता तिथून सुरू होते. देवाने मला वेळ दिला, म्हणून मी दुसऱ्याला वेळ देतो.

वेळ देणं म्हणजे काय, हे लूकच्या तेराव्या अध्यायातला माळी शिकवतो. मळ्यातल्या अंजिराच्या झाडाला तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी एक वर्षाची मुदत मागतो आणि त्या वर्षात आपण काय करणार तेही सांगतो : भोवती खणीन, खत घालीन. हातावर हात ठेवून तो बसणार नाही. "बघू, कधीतरी सुधारेल" असं म्हणून आपण जेव्हा एखाद्या माणसाचा नाद सोडतो, तेव्हा त्याला सहनशीलता म्हणू नये. तो आपला कंटाळा असतो. आणि पुढे त्या झाडाला फळ आलं का? प्रभूने ते सांगितलेलंच नाही. दाखला तिथेच थांबतो. माळ्याला खात्री नव्हती, तरीही तो खणायला तयार होता.

आता त्या तापट माणसाकडे येतो. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांनी नाव ओळखलंच असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, दानशूर, प्रभूच्या प्रेमाने वेडे झालेले. पण घरात त्यांचा राग एका क्षणात भडकायचा आणि मनात आलं की ते कुणाला न सांगता निघून जायचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात यातलं काही झाकून ठेवलेलं नाही. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या आतल्या, पदरात लहानगा दत्तू, माहेर-सासर दोन्ही सोवळ्यातलं. नवरा जिवंत असून संसार मोडला. ते दुःख त्यांना पार खचवून गेलं.

पुढची जवळजवळ पाच वर्षं हा या लेखाचा गाभा आहे. सुरुवातीची वर्षं दोघं दूर राहिली. नंतर लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ आल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळंओवळं सोबत घेऊन आल्या. एकोणिसाव्या शतकातला नवरा, त्यातून असा शीघ्रकोपी, त्याने हुकूम सोडला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. टिळकांनी तो सोडला नाही. बायकोच्या श्रद्धेवर त्यांनी जबरदस्ती केली नाही, तिचं सोवळं तिला पाळू दिलं आणि स्वतःची भक्ती तिच्या डोळ्यांसमोर चालू ठेवली. विचार लक्ष्मीबाईंनीच केला. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, स्वतःच उत्तर शोधलं, आणि सोवळं त्यांच्या मनातून आपोआप गळून पडलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांवर उभं राहून. पुढे 1934 पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागलं. त्यातला तो निर्भय, मोकळा आवाज पाहिला की वाटतं, हुकमाने ख्रिस्ती झालेल्या बाईला असं लिहिता आलं असतं का?

टिळकांचा स्वभाव यानंतर बदलला म्हणावं तर तसंही नाही. ते चिडत राहिले. पण जिथे दुसऱ्याच्या आत्म्याचा प्रश्न होता, तिथे त्यांना थांबता आलं. तापट माणसाच्या आयुष्यात फळ असंच धरतं : सगळ्या फांद्यांना एकदम नाही, एखाद्या फांदीला आधी. आणि त्यांच्या थांबण्याचं कौतुक करताना लक्ष्मीबाईंनी काय सोसलं, ते सोसणं कुणाच्या निर्णयामुळे त्यांच्या वाट्याला आलं, हेही विसरू नये. या घरात खरा धीर कुणाचा मोठा, असं विचाराल तर मी लक्ष्मीबाईंचं नाव घेईन.

अशा दीर्घ धीराचं आणखी एक उदाहरण आपल्याकडे आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं केलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तरी ते काम त्यांनी सोडलं नाही. ते हातावेगळं केलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही प्रभूघरी गेल्या. रमाबाईंवर स्वतंत्र लेखच हवा. इथे एवढंच पुरे.

एक गोष्ट मात्र घाईने ओलांडून चालणार नाही. सहनशीलतेचं नाव घेऊन आपल्या मंडळ्यांमधून काही वेळा फार चुकीचा सल्ला दिला जातो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रार्थना कर" असं सांगून घरी परत पाठवणं ही ख्रिस्ती शिकवण नाही. माळी झाडाला वेळ देतो. तो कुणालाही कुऱ्हाडीखाली उभं राहायला सांगत नाही. त्या बाईला आधी सुरक्षित जागा हवी, पोलीस आणि कायदा यांची मदत हवी, आणि मंडळीने तिच्या बाजूने उभं राहायला हवं. पाळकांनी आणि वडीलजनांनी हे व्यासपीठावरून स्पष्ट बोलावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तसंच सहनशील माणसाने तोंड मिटूनच राहावं, असंही पवित्र शास्त्र म्हणत नाही. याकोब आपल्या पत्रात ईयोबाच्या धीराचा दाखला देतो. ईयोबाचं पुस्तक उघडून पाहा : पानंच्या पानं तो तक्रार करतो, देवाला जाब विचारतो. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दाविदाने देवाला चार वेळा विचारलं आहे की हे कुठवर चालणार. ज्याला आपलं रडणं देवापुढे ओतता येतं, त्याला ते मुलांवर आणि म्हाताऱ्या माणसांवर ओतावं लागत नाही. आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांनी हे स्तोत्र जवळ ठेवावं, आणि आठवड्यातून एक दिवस कुणाकडून तरी मदत घ्यावी. थकलेल्या शरीराकडून धीराची अपेक्षा करणं हा स्वतःवर अन्याय आहे.

या आठवड्यासाठी सांगायचं तर फार नाही. आपल्या शंभर दीनारांच्या देणेकऱ्यांपैकी एकच माणूस निवडा. सकाळी त्याच्याशी गाठ पडण्यापूर्वी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. त्याच्या सुधारण्यासाठी नको, त्याच्या सुखासाठी करा. त्याच्या भोवती काय खणता येईल, कोणतं खत घालता येईल, याचा विचार करा. आईच्या खोलीत मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर लावणं हेही खत आहे. मुलाचा मोबाइल हिसकावण्याआधी अर्धा तास त्याच्याबरोबर जेवायला बसणं हेही खत आहे. दिवसातून एकदा राग आवरला नाही, तर रात्री झोपण्यापूर्वी त्या माणसाची माफी मागा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

पुढच्या आठवड्यात ममतेविषयी लिहीन. तोवर मत्तय 18 आणि लूक 13 हे दोन अध्याय घरात सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा, आणि ज्याच्यावर तुम्ही सर्वांत जास्त चिडता त्यालाच वाचायला सांगा.